जोसाया वेजवुड : मातीवर उमटलेले नाव

जुन्या मृत्पात्रांचा जाणकार एखादे भांडे हाती आले की त्यावरील चित्र न्याहाळण्याआधी ते पालथे करतो. भांडे कोणी घडविले, कोठे घडविले आणि केव्हा, या प्रश्नांची उत्तरे बहुधा तेथे बुडाशी, मातीत उमटविलेल्या दोनचार अक्षरांत असतात. ही सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी बहुतेक भांड्यांच्या बुडाशी पाहण्यासारखे काहीच नसे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्याकडे गावच्या कुंभाराने रांजणावर किंवा पणतीवर स्वतःचे नाव घालावे अशी चाल नव्हती. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ तीच रीत होती. सतराव्या शतकात थॉमस टॉफ्टसारख्या एखाद्या कुंभाराने मोठ्या थाळीच्या काठावर आपले नाव नक्षीसारखे रेखाटले आहे, पण तो अपवाद. एरवी तेथील लहानमोठ्या भट्ट्यांतून निघालेला माल निनावीच बाजारात जाई. जर्मनीतील मायसेनच्या कारखान्याने पोर्सलीनवर निळ्या रंगात दोन तलवारींची खूण घालण्यास आरंभ केला होता. परंतु रंगाने काढलेली खूण कोणालाही काढता येते, आणि इंग्लंडातील काही कारखान्यांनी ती बिनदिक्कत उचललीही. स्टॅफर्डशायरमध्ये आपले पूर्ण नाव, तेही भट्टीत जाण्यापूर्वीच्या ओल्या मातीत ठशाने दाबून, नेमाने घालण्याची पद्धत ज्याने प्रामुख्याने रूढ केली तो कुंभार म्हणजे जोसाया वेजवुड.

बर्स्लेम या गावी एका कुंभाराच्याच घरात वेजवुडचा जन्म झाला. १२ जुलै १७३० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. भावंडांत तो सर्वांत धाकटा होता. चर्चच्या आवारालगत असलेली वडिलांची भट्टी बेताचीच चाले. १७३९ मध्ये वडील वारले, नऊ वर्षांच्या मुलाची शाळा सुटली आणि तो थोरल्या भावाच्या हाताखाली काम शिकू लागला. चाकावर माती चढविण्यात त्याचा हात लवकरच बसला. पण अकरा-बारा वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. जीव वाचला, उजवा गुडघा मात्र कायमचा अधू झाला. त्या काळचे चाक पायाने फिरवावे लागे, त्यामुळे उत्तम कारागीर होण्याची वाट त्या मुलाला तेव्हाच बंद झाली. १७४४ साली भावाकडे पाच वर्षांच्या उमेदवारीचा रीतसर करार झाला खरा, परंतु त्याचे लक्ष चाकावरून हळूहळू माती, झिलई आणि भट्टी यांच्याकडे वळले. वेजवुडच्या कर्तृत्वाचे सारे श्रेय त्या आजारपणाला देण्याचा मोह अनेक चरित्रकारांना झाला आहे. त्यात अतिशयोक्ती आहे. तरीही एकाच जागी बसून पाहत राहण्याची आणि टिपून ठेवण्याची सवय त्याला तेथे लागली, हे मान्य करावे लागते.

उमेदवारी संपल्यावर भावाने त्याला भागीदारीत घेतले नाही. एकदोन वर्षे इतरत्र काढल्यावर १७५४ मध्ये तो फेंटन येथील थॉमस व्हील्डन याचा भागीदार झाला. व्हील्डन हा त्या काळचा नाणावलेला कुंभार. तपकिरी, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या झिलया एकमेकींत मिसळून कासवाच्या पाठीसारखी दिसणारी भांडी ही त्याची ख्याती. मात्र व्हील्डनने आपल्या मालावर कधी नाव घातले नाही. परिणाम असा झाला की, पुढे त्या धाटणीचे जे जे भांडे सापडले ते ते संग्राहकांनी व्हील्डनच्या नावावर जमा केले. स्टॅफर्डशायरात आणि बाहेरही तसलीच भांडी करणारे अनेक जण होते, हे कळल्यानंतर जाणकारांना माघार घ्यावी लागली आणि आता अशा भांड्याला ते सावधपणे व्हील्डन पद्धतीचे इतकेच म्हणतात. वेजवुडला फुलकोबीच्या आकाराची व इतर ओबडधोबड घाटाची भांडी पुरविणारा विल्यम ग्रेटबॅच याची गोष्ट याहून बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेंटन येथे त्याच्या भट्टीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा उकरण्यात आला. भाजताना फुटलेली, वाकडी झालेली हजारो खापरे त्यातून निघाली, आणि ती जुळवून पाहता दुसऱ्यांच्या नावावर मिरवणाऱ्या कितीतरी चहादाण्या ग्रेटबॅचच्या असल्याचे सिद्ध झाले. त्याने एखादे अक्षर जरी मातीत दाबले असते तरी दोनशे वर्षांचा घोळ टळला असता!

व्हील्डनकडे असतानाच, १७५९ च्या फेब्रुवारीत, वेजवुडने प्रयोगांची वही सुरू केली. कोणती माती, कोणता क्षार, किती प्रमाण, भट्टीत कोणत्या जागी ठेवले आणि काय निष्पन्न झाले, हे सारे तो क्रमांक देऊन लिही, आणि पदार्थांची नावे दुसऱ्याला कळू नयेत म्हणून सांकेतिक खुणांनी लिही. प्रयोगाच्या मातीच्या लहान तुकड्यांवरही तेच क्रमांक असत. त्याच वर्षी त्याने बर्स्लेममध्ये स्वतःची भट्टी थाटली. पुढे जागा वाढली. त्या कारखान्यात कामगारांना बोलाविण्यासाठी शिंग न फुंकता घंटा वाजविली जाई, म्हणून लोक त्याला घंटेचा कारखाना म्हणत. येथेच त्याने सायीच्या रंगाची, पातळ आणि हलकी भांडी सिद्ध केली. अशी भांडी आधीही होत असत. त्यांचा रंग आणि झिलई एकसारखी येण्याची शाश्वती नव्हती. ती शाश्वती वेजवुडने आणली. १७६५ मध्ये राणी शार्लट हिच्यासाठी त्याने या भांड्यांचा चहाचा संच करून दिला, आणि राणीचा कुंभार ही पदवी मिळताच मालाला राणीची भांडी असे नाव देऊन टाकले. नावाचे मोल त्याला कोणी शिकविले नव्हते.

१७६२ साली लिव्हरपूलच्या वाटेवर त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला पुन्हा इजा झाली आणि काही आठवडे त्याला त्या शहरी पडून राहावे लागले. तेथे टॉमस बेंटली या सुविद्य व्यापाऱ्याशी त्याचा परिचय झाला. बेंटलीला ग्रीक-रोमन कलेची जाण होती, युरोपच्या भाषा अवगत होत्या, उमरावांच्या घरी वावर होता. वेजवुडला जे ठाऊक नव्हते ते सारे बेंटलीला ठाऊक होते, आणि वेजवुडला ते कबूल करण्यात कमीपणा वाटत नसे. त्यांचा पत्रव्यवहार अठरा वर्षे चालला. १७६४ मध्ये वेजवुडने आपल्याच घराण्यातील सारा वेजवुड हिच्याशी विवाह केला. ती केवळ गृहिणी नव्हती. प्रयोगांची सांकेतिक लिपी तिला वाचता येत असे आणि कोणता घाट स्त्रियांच्या हाती सोयीचा पडेल याविषयी तिचे मत तो आवर्जून घेई.

मालाची ने-आण खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून होत असल्याने निम्मी भांडी वाटेतच फुटत. म्हणून ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी वेजवुडने जिवापाड खटपट केली. जुलै १७६६ मध्ये कालव्याच्या कामाचे पहिले ढेकूळ त्यानेच खणले. कालव्याच्या नियोजित मार्गावर साडेतीनशे एकरांची जमीन घेऊन त्याने नवा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभारण्यास घेतली. बांधकाम चालू असतानाच गुडघ्याचे दुखणे विकोपाला गेले. २८ मे १७६८ रोजी उजवा पाय कापण्यात आला. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. खुर्चीवर बसून त्याने ती शस्त्रक्रिया सोसली आणि थोड्याच आठवड्यांत लाकडी पायावर तो बांधकामावर हजर झाला. सदोष भांडे दिसले की तो या लाकडी पायाने ते फोडून टाकी, अशी आख्यायिका कामगारांत पुढे रूढ झाली.

नव्या कारखान्याला नाव दिले एट्रुरिया. त्या काळी इटलीतील थडग्यांतून काळ्या-तांबड्या रंगांची सुंदर प्राचीन पात्रे निघत होती आणि ती रोमपूर्व एट्रुस्कन लोकांनी घडविली असा विद्वानांचा बहुमताचा समज होता. नेपल्समधील ब्रिटिश वकील सर विल्यम हॅमिल्टन याने अशा पात्रांचा मोठा संग्रह केला होता आणि त्याची भव्य चित्रमय पुस्तके निघत होती. १३ जून १७६९ रोजी एट्रुरियाचे उद्घाटन झाले. बेंटलीने चाक फिरविले, वेजवुडने स्वतः सहा कलश घडविले. काळ्या मातीच्या या कलशांवर नंतर तांबड्या रंगात हॅमिल्टनच्या पुस्तकातील हर्क्युलीसच्या कथेतील आकृती रंगविण्यात आल्या, आणि एट्रुरियाची कला पुन्हा जन्म घेत आहे अशा अर्थाचे लॅटिन वचन घालण्यात आले. वास्तविक ती पात्रे एट्रुस्कन नव्हतीच. त्यांतील बरीचशी अथेन्समध्ये आणि दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतींत घडली होती. एट्रुस्कन लोक ती केवळ विकत घेत आणि मृतांसोबत पुरीत. म्हणजे ज्याने पुढे कर्त्याचे नाव मातीत पक्के केले त्याच्या कारखान्याचे नावच मुळी कर्ता ओळखण्यातील एका चुकीवर उभे होते!

गोष्ट येथेच थांबत नाही. त्या सहा कलशांवरील आकृती ज्या ग्रीक पात्रावरून घेतल्या ते इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचे पाण्याचे भांडे १७७२ मध्ये हॅमिल्टनच्या संग्रहाबरोबर ब्रिटिश म्युझियमने घेतले. त्या भांड्यावर त्याच्या कर्त्याची सही आहे. हे भांडे मेइडियासने केले, इतकीच ती ग्रीक अक्षरे सांगतात. हॅमिल्टनच्या, वेजवुडच्या, बेंटलीच्या डोळ्यांदेखत असलेली ती सही कोणाच्या लक्षात आली नव्हती. १८३९ मध्ये एदुआर्ट गेरहार्ड या जर्मन पुरातत्त्वज्ञाने तिच्याविषयी लिहिले. सहीने तरी काय सांगितले? मेइडियास हा कुंभार. पण ज्या आकृतींवर जग लुब्ध झाले त्या काढणारा चित्रकार बहुधा वेगळा होता, आणि त्याचे नाव त्यावर नाही. अभ्यासक त्याला आजही मेइडियासचा चित्रकार या उसन्या नावाने ओळखतात.

असाच प्रश्न वेजवुडच्या कारखान्यातही उभा राहिला. एट्रुरियातील व्यवस्था दोन भागांत होती. ताटे, वाट्या, चहादाण्या अशा नित्याच्या वापरातील मालात त्याचा चुलतभाऊ थॉमस भागीदार होता. कलश, पदके, अर्धपुतळे अशा शोभेच्या वस्तूंत बेंटली. म्हणून १७६९ ते १७८० या काळातील शोभेच्या वस्तूंवर वेजवुड आणि बेंटली अशी दोन नावे, कधी वर्तुळाकार मुद्रेत एट्रुरियासह, आढळतात, तर वापरातील भांड्यांवर केवळ वेजवुड. साध्या ताटाच्या बुडाशी बेंटलीचे नाव दिसले तर जाणकार लगेच सावध होतो. १७७२ च्या सुमारास वेजवुडने प्रत्येक वस्तूवर नाव घालण्याचे ठरविले. आरंभी एकेक अक्षर सुटे दाबले जाई, त्यामुळे जुन्या भांड्यांवर ते नाव वाकडेतिकडे, कमानीसारखे उमटलेले असते. पुढे अखंड ठसा आला. नाव घालण्यामागे केवळ अभिमान नव्हता. हॅन्लेचा हम्फ्री पामर त्याच्या काळ्या कलशांची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात विकत होता. जॉन व्होये हा हरहुन्नरी पण बेभरवशाचा मूर्तिकार वेजवुडची नोकरी सुटल्यावर याच पामरकडे गेला, आणि पुढे लहान मुद्रांवर वेजवुड व बेंटलींचा बनावट ठसाही घालू लागला. ज्या खुणेने खरे-खोटे ठरावे ती खूण अशी उणीपुरी काही वर्षांचीही झाली नव्हती तोच खोटी होऊ लागली.

परंतु नावाची खरी कसोटी घरातच होती. विल्यम हॅकवुड हा १७६९ मध्ये एट्रुरियात आलेला तरुण कामगार. उठावाची चित्रे घडविण्यात त्याच्या तोडीचा माणूस कारखान्यात दुसरा नव्हता. १८३२ पर्यंत, त्रेसष्ट वर्षे, तो तेथेच राबला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने कारखान्यातील एडवर्ड बोर्न या वृद्ध गवंड्याचे अर्धचित्र केले. चेहऱ्यावरील सुरकुत्या, ओघळलेली मान, जाड कोट, सारे इतके जिवंत की राजेरजवाड्यांची पदके त्यापुढे फिकी पडावीत. आणि खांद्याच्या कडेला हॅकवुडने आपली सही केली. वेजवुडला ते रुचले नाही. असे पुन्हा होऊ देऊ नये, असा विचार त्याने बेंटलीला पत्रातून कळविला. धंद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे सुसंगत होते. हॅकवुडचे नाव गाजले असते तर उद्या दुसऱ्या कोणी त्याला पळविले असते, आणि व्होयेचा अनुभव ताजा होता. तरीही स्वतःच्या नावासाठी इतका दक्ष असलेल्या माणसाने दुसऱ्याचे नाव असे पुसावे, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन १७७५ पासून वेजवुडसाठी नमुने करू लागला. तो बाहेरचा, नावारूपाला येत असलेला कलावंत, त्यामुळे त्याचे नाव झाकले गेले नाही. हॅकवुडची अनेक कामे मात्र पुढे लोक फ्लॅक्समनचीच समजत राहिले.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी १७७३-७४ मध्ये केलेला सायीच्या रंगाचा भोजनसंच हे नामहीन श्रमांचे आणखी एक उदाहरण. ज्या राजवाड्यासाठी तो होता ती जागा बेडकांच्या दलदलीची, म्हणून प्रत्येक भांड्यावर हिरव्या बेडकाची मुद्रा. ९५२ भांड्यांवर ब्रिटनमधील स्थळांची १२२२ वेगवेगळी दृश्ये लंडनजवळच्या चेल्सी येथील चित्रशाळेत स्त्री-पुरुष चित्रकारांनी रंगविली. संच आज हर्मिटेज संग्रहालयात आहे. दृश्य कोणत्या गावचे हे प्रत्येक भांड्याच्या क्रमांकावरून ताडता येते. ते कोणत्या हाताने रंगविले, हे बहुतेक ठिकाणी सांगता येत नाही.

वेजवुडच्या नावाशी आज सर्वाधिक निगडित असलेली वस्तू म्हणजे जास्पर. फिकट निळ्या, न चकाकणाऱ्या पृष्ठावर पांढऱ्या उठावाच्या आकृती. डर्बीशायरमधील बेराइट हे खनिज मातीत मिसळून हजारो प्रयोगांनंतर १७७४ ते १७७६ च्या दरम्यान ती त्याला साधली. रंग मातीच्या अंगातच मुरलेला असल्याने झिलईची गरज नव्हती. या यशाचा पुरता आनंद बेंटलीला फार काळ लाभला नाही. नोव्हेंबर १७८० मध्ये तो वारला आणि वेजवुड एकाकी झाला. १७८२ मध्ये त्याने भट्टीतील प्रखर उष्णता मोजण्याचे साधन सिद्ध केले. मातीचे लहान तुकडे उष्णतेने किती आकसतात, यावर ते आधारलेले होते. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. त्याच १७८३ मध्ये धान्य महाग झाल्याने भुकेल्या लोकांनी एट्रुरियाजवळ कालव्यातील धान्याची नाव अडवून लुटली. सैन्य आले, स्टीफन बार्लो नावाच्या माणसाला फाशी झाली, आणि वेजवुडने परिसरातील तरुणांना उद्देशून पुस्तिका छापून दंग्याचा निषेध केला. चार वर्षांनी, १७८७ मध्ये, याच वेजवुडने गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या समितीसाठी साखळदंडातील, गुडघे टेकलेल्या आफ्रिकी माणसाचे छोटे पदक स्वखर्चाने काढले आणि फुकट वाटले. काही पदके त्याने फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिनकडे धाडली. ती लोक अंगावर अलंकार म्हणून घालू लागले. नमुना हॅकवुडचा होता.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्याने अंगावर घेतलेले काम स्वतःचे काही घडविण्याचे नव्हते. ते नकलेचे होते. हॅमिल्टनने इटलीतून आणलेला, गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेच्या आकृती कोरलेला प्राचीन रोमन कलश १७८६ च्या लिलावात पोर्टलंडच्या ड्यूककडे गेला. वेजवुडने तो काही दिवसांतच ड्यूककडून मागून आणला आणि जास्परमध्ये त्याची प्रतिकृती करण्यास घेतले. हेन्री वेबर आणि हॅकवुड यांच्यासारखे निष्णात हात असूनही जवळजवळ चार वर्षे लागली. माती तडकत होती, फुगत होती. पातळ काचेतून खालचा निळा रंग झिरपल्यासारखा दिसतो तो परिणाम मातीत उतरत नव्हता. १७८९ च्या शरदात पहिली निर्दोष प्रत निघाली, १७९० मध्ये ती लोकांपुढे मांडली गेली. या पहिल्या काही प्रतींवर नेहमीचा ठसा नसून आतल्या कडेला पेन्सिलीने घातलेला क्रमांकच आढळतो. प्रत्येक वाटीवर नाव दाबणाऱ्याने आपले सर्वांत अवघड काम असे सोडावे, याचे नवल वाटते. कदाचित त्यावर नाव घालण्याची गरज त्याला भासली नसावी. १८४५ मध्ये एका दारूबाज तरुणाने ब्रिटिश म्युझियममधील मूळ कलशाचे दगड मारून तुकडे केले, तेव्हा ते जुळविताना वेजवुडच्या प्रतिकृतीचा उपयोग झाला असे सांगतात.

३ जानेवारी १७९५ रोजी वेजवुडचे निधन झाले. तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे पाच लाख पौंडांची होती, असा अंदाज आहे. त्याची मुलगी सुझना ही चार्ल्स डार्विनची आई. धाकटा मुलगा टॉम याने प्रकाशाने चित्र उमटविण्याचे छायाचित्रणपूर्व प्रयोग केले.

मालक गेला तरी नाव राहिले, आणि त्या नावाची चोरीही. स्टॉकटन येथील विल्यम स्मिथच्या कारखान्याने आपल्या मालावर जी आणि डब्ल्यू या अक्षरांच्या मध्ये एक जादा ई घालून तेच नाव छापण्यास आरंभ केला. १८४८ मध्ये न्यायालयाने त्यांना मनाई केली. बर्स्लेमच्या जॉन वेज वुड याचे नाव तर खरोखरच तसे होते. वेज आणि वुड यांच्यामध्ये नावापुरते अंतर किंवा ठिपका ठेवून, आधी जे हे अक्षर घालून तो ठसा मारी. मूळ कारखान्याने हे जे अक्षर नावाआधी कधी वापरले नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो हमखास फसतो. आणि कंपनी असे शब्द जोडलेला वेजवुडचा ठसा आधी राल्फ वेजवुडचा, नंतर टन्स्टॉलच्या इनॉक वेजवुडच्या कारखान्याचा. हा कारखाना अखेर १९८० मध्ये मूळ वेजवुडनेच विकत घेतला.

खऱ्या मालाचा काळ ओळखण्याची साधने मात्र मुद्रेतच आहेत. १८६० पासून कारखाना तीन अक्षरांचा संकेत दाबू लागला. त्यांतील एक महिन्याचे, एक कारागिराचे, एक वर्षाचे. अमेरिकेच्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केल्यामुळे १८९१ पासून इंग्लंड हा शब्द आला आणि विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बनविलेले हे तीन शब्द. पूर्वजांच्या काळापासून घरात असलेल्या कपबशीच्या बुडाशी हे शब्द दिसत असतील तर ती अठराव्या शतकातली खास नव्हे, एवढे कोणालाही निश्चित सांगता येईल. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय मृत्पात्रांबरोबर वेजवुडच्या वस्तूही आहेत. काचेच्या कपाटात मांडलेल्या असल्याने त्यांचे बूड पाहता येत नाही, ही एक हळहळ.

ठसा कारखाना सांगतो आणि साल सांगतो. घडविणारा हात सांगतो तो कागद. हॅकवुडला फ्लॅक्समनपासून वेगळे काढता आले ते हिशेबाच्या वह्या, नमुन्यांची देणी आणि बेंटलीला लिहिलेली पत्रे यांच्या आधारे. आणि हे कागद अगदी थोडक्यात वाचले. १८४८ च्या सुमारास लिव्हरपूलचा सोनार आणि संग्राहक जोसेफ मेयर याला बर्मिंगहॅममध्ये एका भंगारवाल्याच्या दुकानात एट्रुरियाच्या जुन्या वह्यांचा व पत्रांचा ढीग दिसला. दुकानदार ते कागद आसपासच्या वाण्यांना लोणी आणि डुकराचे मांस बांधण्यासाठी वजनावर विकत होता. मेयरने उरलेला सारा ढीग घेतला. त्याच कागदांवरून एलायझा मीटयार्ड हिने १८६५-६६ मध्ये वेजवुडचे दोन खंडांचे चरित्र लिहिले. पुढे कागद कारखान्याच्या संग्रहालयात आले. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या देण्यापोटी हा संग्रह विकला जाण्याची पाळी आली. २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि देणग्या मिळून सुमारे पावणेसोळा दशलक्ष पौंड उभे राहिले, संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा झाला आणि बार्लस्टन येथे जागच्या जागी राहिला. वेजवुडने बेंटलीला लिहिलेली शेकडो पत्रे त्यात आहेत. बेंटलीने धाडलेली उत्तरे मात्र, काही थोडी सोडली, तर कोठेच नाहीत.